रोख भरली आणि खाते गोठले : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अनुभवाची आहेत. बँकेत मोठी रोख रक्कम भरली आणि काही दिवसांतच खात्यातून पैसे निघेनासे झाले, शाखेत विचारले तर नीट उत्तर मिळाले नाही, असा तो अनुभव. त्यांतील चार पत्रे या अंकात घेतली आहेत. पहिले पत्र सविस्तर घेतले आहे, कारण त्याच्या उत्तरातील बराचसा भाग इतरांनाही लागू पडतो. उत्तरांत आलेली आयकराची कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत.

प्रश्न : मी वसमत तालुक्यातील शेतकरी आहे. यंदा एप्रिल-मे महिन्यांत मोंढ्यात हळद घातली, तिचे सहा पट्ट्या (आडत्याच्या विक्रीच्या पावत्या) मिळून ९,६०,००० रुपये आले. घरात ठेवलेले सोयाबीन १,३०,००० रुपयांना गेले आणि जुना ट्रॅक्टर ३,१०,००० रुपयांना विकला. सर्व पैसे रोख मिळाले. एवढी रक्कम घरात ठेवणे धोक्याचे वाटल्यामुळे २७ मे २०२४ रोजी पूर्ण १४,००,००० रुपये बचत खात्यात भरले. माझ्याकडे पॅन कार्ड नसल्याने शाखेने फॉर्म ६० भरून घेतला. चौथ्या दिवशी एटीएममधून पैसे निघाले नाहीत. शाखेत गेलो तर ‘वरून होल्ड आहे, आमच्या हातात काही नाही’ एवढेच सांगितले. मुलीच्या प्रवेशाची फी भरायची आहे आणि पेरणी तोंडावर आहे. माझे काही चुकले का? एकदम न भरता थोडे थोडे भरले असते तर हे टळले असते का?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण गावोगावी हाच सल्ला दिला जातो आणि तो घातक आहे. थोडे थोडे भरल्याने हे टळले नसते, उलट संशय अधिक गडद झाला असता. त्याचे कारण पुढे तिसऱ्या पत्राच्या उत्तरात येईल. स्वतःच्या कष्टाचे पैसे एका दिवशी, एका पावतीने, स्वतःच्या नावाने भरणे हीच सरळ रीत आहे आणि तुम्ही तेच केलेत. बँकेत रोख भरण्यास कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही.

मग खाते का अडले? सन २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील २००५ चे नियम यांनुसार दहा लाख रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या प्रत्येक रोख व्यवहाराची माहिती बँकेला पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिल्लीतील वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावी लागते. ही कळवणी यंत्रवत होते आणि तिच्यात ग्राहकावर कोणताही ठपका नसतो. याशिवाय एखादा व्यवहार ग्राहकाच्या परिचित उत्पन्नाशी जुळत नाही असे बँकेला वाटले, तर संशयास्पद व्यवहाराचा स्वतंत्र अहवाल पाठवावा लागतो आणि त्यासाठी रकमेची कोणतीही किमान अट नाही. असा अहवाल गेला आहे की नाही, हे ग्राहकाला सांगण्यास बँक कर्मचाऱ्याला कायद्याने मनाई आहे. शाखेतील माणसे जी गुळमुळीत उत्तरे देतात त्यामागे अनेकदा ही मनाई असते. मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला बसून अशी उत्तरे दिली आहेत आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती मला आजही आठवते.

परंतु याच ठिकाणी एक गोष्ट प्रत्येक खातेदाराला ठाऊक असायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीविषयक निर्देशांत असे स्पष्ट म्हटले आहे की केवळ संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवला म्हणून बँकेने त्या खात्याच्या व्यवहारांवर निर्बंध घालू नयेत. म्हणजे माहिती कळवणे वेगळे आणि खाते गोठवणे वेगळे. खाते गोठवायला स्वतंत्र आधार लागतो. तो पोलिसांचा, आयकर खात्याचा, वस्तू व सेवा कर खात्याचा, अंमलबजावणी संचालनालयाचा किंवा न्यायालयाचा आदेश असेल, नाहीतर ग्राहकाची ओळख, पॅन किंवा फॉर्म ६० यांसारख्या कागदपत्रांतील त्रुटी असेल. ‘वरून होल्ड आहे’ हा आधार होत नाही. ‘वरून’ म्हणजे नेमके कोठून, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा आणि तो लेखी असायला हवा.

म्हणून आजच शाखा व्यवस्थापकांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहा. त्यात खाते क्रमांक, रक्कम भरल्याची तारीख आणि पैसे निघणे बंद झाल्याची तारीख देऊन इतकेच विचारा : माझे खाते कोणत्या अधिकाऱ्याच्या वा कार्यालयाच्या आदेशाने, कोणत्या कलमाखाली, किती रकमेपुरते अडवले आहे, तसा आदेश नसेल, तर माझ्याकडून कोणती कागदपत्रे हवी आहेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. संशयास्पद अहवालाविषयी अर्जात काही विचारू नका, कारण त्याचे उत्तर बँक देऊ शकत नाही. बाहेरच्या यंत्रणेचा आदेश असेल, तर त्या कार्यालयाचे नाव आणि पत्राचा क्रमांक बँकेकडून मिळायला हवा, कारण त्याशिवाय दाद कोठे मागायची हेच कळणार नाही.

तुमच्या बाबतीत बाहेरचा आदेश नसावा, असे पत्रावरून वाटते. माझा अंदाज वेगळा आहे. खाते उघडताना भरलेल्या अर्जात वार्षिक उत्पन्नाचा एक रकाना असतो. ग्रामीण शाखांत तो रकाना बहुधा दुसराच कोणीतरी भरतो आणि तेथे पन्नास-साठ हजार असा आकडा सवयीने लिहिला जातो. त्या दिवशी त्या आकड्याकडे कोणाचेच लक्ष नसते. पुढे दहा-बारा वर्षांनी एका दिवशी १४ लाख रुपये भरले गेले की बँकेच्या संगणकाला केवळ दोन आकडे दिसतात, एक साठ हजारांचा आणि दुसरा चौदा लाखांचा. मधल्या काळातली हळद, विहीर, ठिबक आणि वाढलेले भाव त्याला दिसत नाहीत. तेव्हा अर्जासोबत उत्पन्नाचा व्यवसाय आणि आजचा अंदाजे वार्षिक आकडा देऊन आपली माहिती अद्ययावत करून घ्या. आधार आणि पत्त्याचा पुरावा जुना असेल तर तोही नवा द्या. पॅन कार्डही काढून घ्या. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी पॅन काढले की कर लागू होतो, ही भीती अजूनही अनेकांच्या मनात आहे आणि ती निराधार आहे.

आता पैशांच्या उगमाचे कागद. हळदीसाठी आडत्याच्या सहाही पट्ट्या, त्यांवरील तारीख, वजन, भाव, हमाली-तोलाईची वजावट आणि हाती आलेली रक्कम हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पट्टी हरवली असेल तर आडत्याच्या वहीतील उताऱ्याची सहीशिक्क्याची प्रत घ्या. बाजार समितीतही त्या सौद्यांची नोंद असते. त्यासोबत सातबारा, आठ-अ आणि सातबाऱ्यावरील हळदीच्या पिकाची नोंद जोडा. ई-पीक पाहणीत तुम्ही हळद नोंदवली असेल तर आज तिचा खरा उपयोग होईल. नोंद केली नसेल तर शिजवणी, पॉलिश आणि वाहतूक यांच्या पावत्या जोडता येतील. सोयाबीनचीही पट्टी घ्या. हे सर्व एका साध्या तक्त्यात मांडा : तारीख, कोणाकडून, कशाचे, किती. तक्त्यातील बेरीज भरलेल्या रकमेशी रुपयाला रुपया जुळावी असा हट्ट धरू नका. घरखर्चाला काही काढले असेल, आधीची काही शिल्लक मिसळली असेल, तर तसे लिहा. हिशेब ओढूनताणून जुळवला की पुढे त्याच ठिकाणी प्रश्न विचारले जातात.

तुमच्या व्यवहारांत चूक झाली आहे ती ट्रॅक्टरच्या विक्रीत, आणि ती लपवून उपयोग नाही. आयकर कायद्याच्या कलम २६९एसटी नुसार कोणाही व्यक्तीला एका दिवसात एका माणसाकडून, किंवा एकाच व्यवहारापोटी, किंवा एका प्रसंगासंबंधी एका माणसाकडून दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. हे बंधन पैसे घेणाऱ्यावर आहे. देणाऱ्याने दोन दिवशी दीड-दीड लाख दिले तरी व्यवहार एकच असेल तर बंधन मोडतेच. त्यासाठी कलम २७१डीए खाली स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. मात्र पुरेसे आणि सबळ कारण दाखवता आले तर दंड लावू नये, अशी तरतूद त्याच कलमात आहे. विक्रीचा करार, खरेदीदाराची ओळख, वाहन नावावर करून देण्याचे फॉर्म २९ आणि ३० यांच्या प्रती जपून ठेवा आणि या एका मुद्द्यासाठी जवळच्या सनदी लेखापालांचा सल्ला घ्या. हळदीच्या सहा पट्ट्या वेगवेगळ्या दिवसांच्या, वेगवेगळ्या सौद्यांच्या आणि प्रत्येकी दोन लाखांच्या आतल्या असतील, तर त्यांना हे बंधन लागत नाही. शेतकऱ्याने आपला माल व्यापाऱ्याला दोन लाखांच्या आत रोखीने विकणे नियमबाह्य नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात रोखीची ही सवय इतकी घट्ट का आहे, याचाही विचार व्हावा असे मला वाटते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाल्यावर सहाव्या दिवशी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली आणि ज्या बँकेत शेतकऱ्याचे खाते होते तिच्याच दारातून त्याला परत जावे लागले. त्या आठवणीने अनेकांचा बँकेवरचा विश्वास डळमळला. तरीही आज मी तुम्हाला आग्रहाने सांगेन की पुढच्या हंगामात आडत्याकडून पैसे थेट खात्यावर घ्या. खात्यावर आलेल्या पैशाला पाठवणाऱ्याचे नाव आपोआप चिकटलेले असते. रोख रकमेला ते नाव तुम्हालाच शोधून लावावे लागते.

मुलीच्या फीसाठी वेगळा अर्ज करा. बाहेरचा आदेश नसेल तर तेवढी रक्कम थेट महाविद्यालयाच्या खात्यावर पाठवू देणे बँकेच्या अधिकारात आहे आणि प्रवेशपत्र व फीची मागणी जोडली असता अनेक शाखा ते करतात. कागदपत्रे देऊन तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करता येते. ती ऑनलाइन होते, निःशुल्क आहे आणि वकिलाची गरज नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे मात्र आवश्यक असते. शिक्क्याची प्रत जपून ठेवा असे म्हटले ते त्यासाठीच.

प्रश्न : मी सोलापुरात पापड-चटणीचा छोटा घरगुती व्यवसाय करते. माझे बँकेत जनधन खाते आहे. भिशीचा नंबर लागला म्हणून ७२,००० रुपये मिळाले, ते खात्यात भरायला गेले तर बँकेने आधी रक्कम घेतली आणि नंतर खाते बंद पडले. मी कोणताही गैरप्रकार केलेला नाही.

उत्तर : ताई, तुमच्यावर कोणी गैरप्रकाराचा आरोप केलेला नाही. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेल्या खात्याला बँकेच्या भाषेत ‘छोटे खाते’ म्हणतात. त्यात एका वेळी ५०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, आर्थिक वर्षात एकूण एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाही. ७२,००० रुपयांनी पहिलीच मर्यादा ओलांडली. सगळी जनधन खाती अशी नसतात, आधारसह पूर्ण केवायसी करून उघडलेल्या खात्याला या मर्यादा नाहीत. तेव्हा आधार, पॅन किंवा फॉर्म ६० आणि एक छायाचित्र घेऊन जा आणि खाते नियमित बचत खात्यात बदलून द्या असा अर्ज करा. शून्य शिल्लक ठेवण्याची सवलत त्यानंतरही घेता येते, ती मागून घ्या. भिशीच्या वहीतील तुमच्या नावाच्या पानाची प्रत सोबत असू द्या.

प्रश्न : माझे वडील मार्चमध्ये वारले. कपाट आवरताना आईच्या साड्यांखाली आणि देवघरातील डब्यात मिळून सुमारे साडेसहा लाख रुपये निघाले. आई ७४ वर्षांची आहे. घरखर्चातून वाचवलेले आणि वडिलांनी वेळोवेळी दिलेले हे पैसे आहेत असे ती सांगते. ओळखीच्या एकांनी सांगितले की पन्नास हजारांच्या वर भरले तर पॅन मागतात, म्हणून आम्ही डोंबिवलीच्या शाखेत तेरा वेळा ४९,००० रुपये भरले, म्हणजे ६,३७,००० रुपये. आता आईचे खाते गोठले आहे. तिचे कुटुंबनिवृत्तिवेतन त्याच खात्यात येते. शाखेतील अधिकारी कारण सांगत नाहीत, फक्त ‘पैसे कोठून आले’ असे विचारत राहतात.

उत्तर : तुमच्या आईंना या वयात, वैधव्याच्या दुःखात हे सोसावे लागत आहे याचे वाईट वाटते, आणि ज्यांनी तुम्हाला सल्ला दिला त्यांचा हेतूही वाईट नसावा. पण अडचण त्याच सल्ल्यातून उभी राहिली आहे. एका दिवसात पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख भरताना पॅन द्यावा लागतो, हे खरे. पॅन नसेल तर फॉर्म ६० चालतो, हेही तितकेच खरे, आणि ते तुम्हाला कोणी सांगितले नाही. मर्यादेच्या जेमतेम खाली राहून सारख्याच रकमा पुन्हापुन्हा भरणे, ही काळा पैसा बँकेत शिरवणाऱ्यांची फार जुनी पद्धत आहे आणि बँकांची संगणकप्रणाली नेमका हाच आकृतिबंध शोधण्यासाठी बसवलेली असते. साडेसहा लाख रुपये एकदम भरले असते तर दहा लाखांच्या आत असल्याने त्यांची रोख व्यवहार म्हणून वेगळी कळवणीसुद्धा झाली नसती. तेरा वेळा ४९,००० भरल्याने मात्र त्या पैशांत लपवण्यासारखे काही आहे असे चित्र उभे राहिले. महिनाभरातील परस्परसंबंधित लहान रकमा एकत्र मोजून दहा लाखांवर गेल्या तर त्याही कळवाव्यात असा नियम आहे, तेव्हा तुकडे करून कोणतीही मर्यादा खऱ्या अर्थाने चुकवता येत नाही.

आता जे घडले ते जसेच्या तसे लिहून द्या. आईंच्या सहीचे पत्र असावे. त्यात वडिलांच्या मृत्यूची तारीख, पैसे कसे साठत गेले आणि तुकडे का केले ते स्पष्ट सांगावे. ‘पॅन मागतील या भीतीने असे केले’ हे वाक्य लिहायला संकोच करू नका. त्यासोबत वडिलांच्या निवृत्तिवेतन खात्याची जितकी मागची पासबुके सापडतील तितकी जोडा. दर महिन्याला निवृत्तिवेतन जमा झाल्यावर दोन-चार दिवसांत पंधरा-वीस हजार काढलेले दिसत असतील, तर घरात रोख कशी साठत गेली याचा तो बोलका पुरावा ठरतो. पूर्वी मोडलेली मुदत ठेव, पोस्टातील योजनेची मुदतपूर्ती, विकलेले दागिने यांतले काही असेल तर त्याचेही कागद शोधा.

हे पैसे आईंचेच असतील तर ते आईंच्याच खात्यात राहू द्या. ‘काही काळ मुलीच्या खात्यात वळवू’ असा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या, कारण मग दोन खात्यांचे स्पष्टीकरण द्यावे लागेल. वडिलांनी ठेवलेली काही रक्कम त्यात असेल, तर तिच्यावर इतर वारसांचाही हक्क पोचतो, म्हणून भावंडांना आधीच विश्वासात घ्या.

आयकराच्या बाजूने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण बेफिकीरही राहू नका. बचत खात्यांत एका आर्थिक वर्षात एकूण दहा लाख वा त्याहून अधिक रोख जमा झाली तर बँक ती माहिती आयकर खात्याला देते. चालू खात्यासाठी ही मर्यादा पन्नास लाख आहे. आईंची रक्कम त्याखाली आहे. तरी उद्या विचारणा झालीच आणि उगम सांगता आला नाही, तर कलम ६९ए खाली ती रक्कम अस्पष्टीकृत समजली जाते आणि तिच्यावर साठ टक्के कर, त्यावर पंचवीस टक्के अधिभार आणि चार टक्के उपकर, म्हणजे एकंदर अठ्ठ्याहत्तर टक्के भरावे लागतात. म्हणून बँकेला दिलेले पत्र आणि कागद यांची एक फाइल घरी ठेवा. गृहिणींच्या बचतीकडे कायदा सहानुभूतीने पाहतो, याला आधार आहे. नोटाबंदीच्या काळात एका गृहिणीने भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेला आग्रा येथील आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये तिची घरखर्चातील बचत मानले आणि ते उत्पन्न धरण्यास नकार दिला. तो निर्णय त्या काळातील ठेवींपुरता होता, तुमच्या साडेसहा लाखांना तो जसाच्या तसा लागणार नाही. परंतु भारतीय घरांतील स्त्रिया पै-पै करून पैसे साठवतात ही गोष्ट न्यायाधिकरणाने मान्य केली, याचे मोल मला मोठे वाटते.

निवृत्तिवेतनासाठी शाखेला स्वतंत्रपणे विनंती करा की दरमहा जमा होणारी तेवढी रक्कम काढू द्यावी. औषधांची चिठ्ठी जोडा. गोठलेल्या बचत खात्यावर व्याज चालू राहते, त्यामुळे त्या बाबतीत नुकसान होत नाही.

प्रश्न : इचलकरंजीत माझा कापडाचा घाऊक व्यापार आहे. परराज्यातील लहान दुकानदार माल उचलतात आणि त्यांच्या गावातील रोख भरणा यंत्रातून माझ्या चालू खात्यात पैसे भरतात. अशाच एका भरण्यातील ६०,००० रुपयांवरून दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांनी माझे संपूर्ण खाते गोठवले. खात्यात अकरा लाखांहून अधिक रक्कम आहे. यंत्रमागवाल्यांना मजुरी आणि सूतवाल्यांना दिलेले धनादेश अडकले आहेत. ज्याने पैसे भरले तो माझा नेहमीचा ग्राहक आहे, पण त्याने ते पैसे कोठून आणले हे मला कसे ठाऊक असणार?

उत्तर : तुमच्या प्रश्नातच तुमचा बचाव आहे, पण तो योग्य ठिकाणी मांडावा लागेल, आणि ते ठिकाण बँक नव्हे. फसवणूक झालेला माणूस १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करतो. मग त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले ती साखळी शोधली जाते आणि साखळीतील खाती अडवली जातात. मध्येच कोणी पैसे रोखीने काढून दुसऱ्या खात्यात भरले असतील, तर त्या भरण्याच्या खात्यापर्यंतही पोलीस पोचतात. बँक खाते ही ‘मालमत्ता’ आहे आणि तपासात पोलीस ती रोखू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस नेओगी या १९९९ च्या निकालात मान्य केले आहे. तो अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आला आहे. मात्र या अधिकाराबरोबर एक कर्तव्यही आहे. जप्तीची माहिती पोलिसांनी विनाविलंब दंडाधिकाऱ्यांना कळवली पाहिजे.

बँकेकडून पोलीस ठाण्याचे नाव, तक्रारीचा पोचक्रमांक आणि वादग्रस्त रक्कम लेखी घ्या. त्यानंतर तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि नोंदणीकृत टपाल अशा दोन्ही मार्गांनी पत्र पाठवा. त्या ग्राहकाचे बीजक, ई-वे बिल, मालवाहतुकीची पावती, त्याच्याशी असलेला मागील वर्षभराचा खातेउतारा आणि तुमची वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे सोबत जोडा. माल खरोखर गेला आणि त्याची किंमत म्हणून पैसे आले, एवढे दाखवणे हा तुमच्या पत्राचा गाभा असू द्या. त्याचबरोबर वाद ६०,००० रुपयांचा असल्याने तेवढ्याच रकमेवर लीन ठेवून, म्हणजे तेवढीच रक्कम अडवून, उरलेले खाते मोकळे करावे, अशी स्पष्ट मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतेच खाते अडवावे असे बँकांना सांगितले होते. त्याचा आधार पत्रात द्या.

तपास अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे नव्या संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. हे न्यायालय परराज्यात असल्याने तेथील वकील करावा लागेल, खर्च येईल, आणि तो टाळता येत नाही याचे मलाही वाईट वाटते. पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना जप्ती कळवलेलीच नसेल किंवा संपूर्ण खाते अडवण्याचे कारण सांगितलेले नसेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. खाते महाराष्ट्रातील शाखेत असल्याने ती मुंबई उच्च न्यायालयात दाखल करता येईल का, हे तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या. ‘तडजोड करून तक्रारदाराचे पैसे परत द्या, लगेच खाते सोडतो’ असे सांगणारे मध्यस्थांचे फोन अशा वेळी येऊ लागतात. कोणालाही परस्पर पैसे देऊ नका. खरोखर तडजोड करायची असेल तर ती तपास अधिकाऱ्यासमोर, लेखी आणि बँकेमार्फत व्हावी.

ज्यांना धनादेश दिले आहेत त्या प्रत्येकाला आजच पत्राने कळवा की खाते अमुक तारखेपासून पोलिसांच्या आदेशाने अडवले आहे, शिल्लक पुरेशी आहे, धनादेश सध्या वटवायला टाकू नयेत. मजुरीसाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडताना या प्रकरणाची माहिती लपवू नका. ग्राहकांनी यंत्रातून रोख भरणे मात्र तुम्ही आता थांबवायला हवे. एका व्यवहारापोटी दोन लाखांहून कमी रोख घेण्याची मर्यादा तुम्हालाही आहे, आणि परगावी भरणाऱ्याचा चेहराही तुम्हाला दिसत नाही. दुकानदाराच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातून येणारेच पैसे स्वीकारू, असे बीजकावर छापून घ्या आणि सुरुवातीला दोन-चार गिऱ्हाइके कुरकुरली तरी ते पाळा.